जड वाजला तं जित्ता

दिवाळीत भाची घरी आली होती. सात वर्षांची. मोठ्यांच्या गप्पांना कंटाळून तिने माझा शिवणाचा डबा जमिनीवर उपडा केला. बटणं, हुक, उरलेल्या दोऱ्याची रिळं, बोथट झालेली कात्री, आणि या सगळ्याच्या तळाशी असलेला एक कोसा, म्हणजे टसर रेशमाच्या अळीचा कोश. मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते. ती कोसा कानाशी धरून हलवत आत आली. "मावशी, यात काहीतरी वाजतंय. काय आहे?" झाऱ्यात चार चकल्या, तेल तापलेलं. मी मागे वळूनही न बघता म्हणाले, "बी असेल." तिला ते पटलं. ती निघून गेली आणि बराच वेळ बाहेरच्या खोलीतून तो बारीक खुळखुळ आवाज येत राहिला. त्या आवाजाने माझं चकल्यांवरचं लक्ष उडालं. पुढचे दोन घाणे करपले.

बी नव्हती ती. मला माहीत होतं काय आहे ते.

सगळे गेल्यावर रात्री मी कोसा हातात घेतला. कोंबडीच्या अंड्याहून थोडा लहान, राखाडी, सुपारीसारखा टणक. एका टोकाला काळपट देठ, आणि देठाच्या शेवटी छोटीशी वाटोळी कडी, जणू कुणी अंगठी करून ठेवलीय. ही कडी अळी घराच्या आधी विणते. काडीभोवती कडी, कडीला देठ, आणि मग स्वतःभोवती घर. येनाचं झाड पानगळीत उघडं पडतं. कोसा पानाला चिकटवला तर पानाबरोबर खाली येईल, म्हणून तो काडीला बांधायचा. महिनाभर पानं कुरतडण्यापलीकडे काहीही न केलेल्या अळीला हे कुठून कळतं, असं मी लहानपणी विचारलं होतं. उत्तर मिळालं होतं, "तिच्या मायला ठावं होतं, मून तिले ठावं हाये." याहून बरं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

मी कोसा फिरवून दुसरं टोक पाहिलं. पतंग बाहेर पडलेला असेल तर तिथे भोक असतं. कुरतडलेलं नसतं ते. डोक्याशी पाझरणाऱ्या रसाने पतंग तिथलं रेशीम मऊ करतो आणि धागे बाजूला सारत बाहेर येतो, त्यामुळे भोकाच्या कडा ओल्या कापसासारख्या विस्कटलेल्या राहतात. माझ्या कोशाला भोक नव्हतं. म्हणजे जो आत होता तो आतच आहे. चाळीस वर्षं तो माझ्या बटणांमध्ये पडून होता, आणि भाचीने हलवल्यावर वाजला.

माझं आजोळ वैनगंगेच्या काठचं, आरमोरीपासून फार लांब नाही. धानाची बांधी, मालगुजारी तलाव, आणि तलावाच्या पाळीपलीकडे लगेच रान. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच, १९८२ साली, चंद्रपुरातून वेगळा झाला होता. पण गावातली म्हातारी माणसं अजून 'चांदा'च म्हणत. तलावात मासे धरणारे ढिवर पावसाळा लागला की रानात जायचे, येनाच्या झाडांवर कोसा घ्यायला. पुस्तकात ऐन लिहितात, आमच्याकडे येन. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडे गेलेली साल, त्यात बोट घातलं तर भर उन्हाळ्यातही गार लागते. आजोबांच्या घरामागे राहणारे एक आबाजी दरवर्षी कोसा घ्यायचे. नात्याचे नव्हते, पण आम्हां सगळ्या पोरांचे ते आबाजी. दोन महिने ते रानातच. एक खोपटी, एक गलोल, हाकारे घालायला एक फुटका डबा. अळ्या झाडावर आहेत तोवर मासळी बंद, मटण बंद, झोपायचं जमिनीवर, तोंडात वावगा शब्द नाही. मासे धरून पोट भरणाऱ्या माणसाने ताटातली मासळी बाजूला ठेवायची, ती झाडावरच्या अळीसाठी. शाळेत शिकलेल्या कुठल्याच व्रतापेक्षा मला हे मोठं वाटायचं आणि अजून वाटतं.

सुटीच्या दिवशी डबा घेऊन मला रानात पाठवायचे. खोपटीत बसलं की पाऊस थांबला असला तरी पाऊस पडत असल्यासारखा आवाज यायचा. वर अळ्या पानं खात असायच्या आणि त्यांची लेंडी वाळक्या पानांवर टपटप पडत असायची. आबाजी वर बघायचेच नाहीत. खाली वाकून लेंड्या बघायचे, बोटाने चिरडून बघायचे, आणि कुठल्या झाडाचा पाला संपत आलाय, अळ्या कोणत्या झाडावरून कोणत्या झाडावर न्यायच्यात, कुठे रोग शिरलाय, हे सगळं जमिनीकडे बघून ठरवायचे. अळ्या हिरव्याकंच, अंगठ्याहून जाड, कुशीवर पिवळी रेघ आणि चांदीच्या टिकल्या लावल्यासारखे ठिपके. क्वचित एखादी पिवळीधमक निघायची. ती दाखवायला ते मला मुद्दाम झाडाखाली न्यायचे. कावळे, गांधीलमाश्या, मुंग्या, अळीच्या अंगावर अंडी घालणारी एक माशी, सगळ्यांचा डोळा या अळ्यांवर. एका मादीची दीड-दोनशे अंडी, आणि त्यांतून कोशापर्यंत पोचणाऱ्या किती थोड्या.

कोसे उतरवले की निवड. अंगणात ढीग, आबाजी पायावर पाय टाकून बसलेले, एकेक कोसा कानाशी नेऊन हलवतायत. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. मी शेजारी बसून तसंच करून बघायची, पण मला सगळे सारखेच वाटायचे. एकदा त्यांनी माझ्या दोन्ही हातांत एकेक कोसा दिला. "आयक. हा कसा वाजते? धप धप. जड हाये. मंग हा जित्ता. आन हा? खुळखुळ. वारून हलका झाला. मेला." जड वाजला तं जित्ता, खुळखुळला तं मेला. जिवंत कोश ओल्या मातीचा गोळा हलवल्यासारखा वाजतो, एकच बोथट धक्का. मेलेला वाळक्या शेंगेसारखा. मेलेले विकायचे, जिवंतांतले उत्तम ते बियाण्याला ठेवायचे. मला लक्षात राहील म्हणून तो मेलेला कोसा त्यांनी मला देऊन टाकला. तोच हा.

आता एका रात्रीबद्दल. मी पाचवीत होते, १९८४ चा पावसाळा, मृगाच्या दोन-तीन सरी झालेल्या. बियाण्याचे कोसे दोरीत ओवून खोपटीच्या आढ्याला टांगले होते. उन्हाळाभर ते तसेच निपचित होते, आणि हवेत ओल आल्याबरोबर संध्याकाळी एकेकातून पतंग निघायला लागले. निघाले तेव्हा ओले, चुरगळलेले, पोट मोठं आणि पंख चिंध्यांसारखे. मग दोरीला धरून लटकत राहिले आणि पंख हळूहळू खाली पसरत गेले, कुणी निऱ्या सोडाव्यात तसे. पूर्ण पसरल्यावर माझी वीतही त्याला पुरली नाही. मादी फिकट पिवळी, नर विटकरी. चारही पंखांवर एकेक डोळा, आणि त्या डोळ्याच्या मध्ये अभ्रकासारखा पारदर्शक तुकडा. कंदील मागे धरला की तेवढ्यातून उजेड आरपार यायचा.

आबाजींनी चार माद्या बांबूच्या टोपलीत ठेवल्या, वर जाळी घातली आणि टोपली खोपटीबाहेर येनाच्या फांदीला टांगली. घरचे नर होते, तरी बाहेर का टांगली, मी विचारलं. म्हणाले, "रानचा नर येऊ दे. घरच्या घरात बी खराब होते." कंदील विझवला. मी त्यांच्या घोंगडीत बसले होते, मुंग्या चावत होत्या, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मग मध्यरात्रीनंतर कधीतरी माझ्या कानाजवळून काहीतरी गेलं. आवाज नव्हता, वारा होता. मग आणखी एक. माद्या जागच्या हलल्याही नव्हत्या. नुसत्या पोटाचं टोक बाहेर काढून बसल्या होत्या, आणि आपल्या नाकाला अजिबात न येणाऱ्या त्या वासावर रानातले नर पिसांसारख्या मिशा पसरून अंधारातून येत होते. पहाटे उजाडायला लागलं तेव्हा टोपलीवर, फांदीवर, खोपटीच्या कुडावर नर बसलेले होते. मी मोजले. सव्वीस. आबाजींनी त्यांतले चार आत घेतले आणि बाकीच्यांना हात लावला नाही.

या पतंगाला तोंड नसतं. म्हणजे खाण्यापिण्याचं तोंड. अळी असताना खाल्लेल्या येनाच्या पाल्यावर तो आठवडाभर जगतो. त्याचं शास्त्रीय नाव १७७३ साली लंडनच्या एका चांदीकाम करणाऱ्या संग्राहकाने, ड्रू ड्रुरी यांनी, ठेवलं. मायलिटा. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय की ॲसिरियातले लोक प्रेमदेवतेला या नावाने हाक मारत. त्याआधी स्वीडनच्या निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने याच कुळातल्या पतंगाला दिलेलं नाव पॅफिया, तेही त्याच देवतेचं, पॅफोस गावावरून. वैनगंगेकाठचं रान दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. तरी जो जीव खात नाही, पीत नाही, फक्त जोडीदार शोधतो, त्याला हे नाव सुचावं याचं मला कौतुक वाटत आलंय.

आईच्या लग्नातली करवत काठी साडी अजून माझ्याकडे आहे. अंग कोशाच्या मूळ रंगाचं, मधासारखं, आणि काठावर करवतीचे दात. तिच्यात काही शे कोसे आहेत. वाफेवर किंवा उन्हात मारलेले, मग राख कालवलेल्या पाण्यात उकळलेले. तो वास ज्याने घेतलाय तो विसरत नाही. सूत काढणाऱ्या बायकांच्या अंगणात कोंबड्या उकडलेल्या कोशांभोवती झुंबड करायच्या. लहानपणी मला त्यात काही वाटलं नाही, आणि आज साडी नेसताना वाटतं असं म्हटलं तर तेही पूर्ण खरं नाही. ती साडी अंगावर घेतली की थंडीत ऊब लागते, आईची आठवण येते, मला बरं वाटतं. कोसा घेणाऱ्या माणसानेच ते रान राखलं होतं, हेही खरं आहे. येन तोडायला आलेल्या कुऱ्हाडीपुढे उभं राहायला त्याच्याकडे कारण होतं.

मग काय झालं, याचं एक उत्तर नाही. बरीच छोटी उत्तरं आहेत, आणि त्यांतल्या एकात मी आहे.

शिमग्याच्या सुमाराला येनाची पानं झडली की उंच फांद्यांवरचे रानकोसे उघडे पडायचे. अळीने पानाऐवजी काडीला घर बांधलं ते पडू नये म्हणून, आणि त्यामुळेच ते निळ्या आभाळावर फळासारखं लांबून दिसायचं. कुणीही न राखलेली, कुणाच्याही मालकीची नसलेली ही खरी रानातली कोशं. गावात एक व्यापारी यायचा आणि रोख पैसे द्यायचा. आम्ही पोरं आकडी लावलेले बांबू घेऊन जायचो. मी झाडावर चढायला चपळ होते. एका फांदीवर पाच सापडले तर पाचही काढायचे, एकही ठेवायचा नाही, कारण आपण ठेवला तर दुसरा काढेल. त्या पैशांतून मी कंपासपेटी घेतली होती. हलवून बघायचं भान कुणालाच नव्हतं. सगळे जड वाजत असणार. जूनमध्ये त्यांतूनच नर निघाले असते, आणि रात्री आबाजींच्या टोपलीकडे आले असते.

बाकीचं सगळ्यांनी पाहिलंय. मिश्र जंगल जाऊन सागाच्या सरळ रांगा आल्या, आणि साग या अळीच्या कामाचा नाही. मोहफुलं वेचायला आणि तेंदूची पालवी फुटायला लावलेले वणवे कमरेएवढ्या येनाच्या झुडपांवरून फिरले. आणि बाहेरचं बियाणं आलं. या पतंगाचे चाळीसहून जास्त स्थानिक वाण अभ्यासकांनी नोंदवलेत. आमच्याकडच्याचं नाव 'भंडारा'. झारखंडातल्या सिंहभूमकडचा 'डाबा' सगळ्यांत सोयीचा. माणसाळलेला, भरपूर अंडी घालणारा. त्याची रोगमुक्त अंडी मिळायला लागल्यावर ढिवरांनी ती घेतली, आणि का घेऊ नयेत? प्रत्येक मादीची अंडी घालून झाली की तिचं पोट खलात वाटून सूक्ष्मदर्शकाखाली पेब्रिन या अळ्यांच्या रोगाचे कण शोधतात. सापडले तर तिची सगळी अंडी नष्ट. पाश्चरने १८६०च्या दशकात फ्रान्समधल्या तुतीच्या रेशमासाठी घालून दिलेली ही पद्धत आजही तीच आहे. ज्याचं अर्धं पीक रोगाने मरायचं त्याच्यासाठी हा आधार मोठा आहे. पण बाहेरचे नर-मादी आमच्या रानातल्यांत मिसळत गेले, आणि कुठपर्यंत आपला आणि कुठून बाहेरचा हे कोण सांगणार? दिसायला पतंग तोच. डोळे तेच, अभ्रक तेच.

२००९ च्या जूनमध्ये मामाच्या वर्षश्राद्धाला गेले होते. आबाजी ऐंशीच्या घरातले, रानात जाणं सुटलेलं, मुलगा पीक घ्यायचा. त्या वर्षी कुणीतरी त्यांना तलावापलीकडून दोन रानकोसे आणून दिले होते. ते त्यांनी उशाशी ठेवले होते, कानाशी नेऊन रोज हलवायचे. दोन्हींतून माद्या निघाल्या. त्यांनी हट्ट धरला, टोपली टांगायची. मुलाने नेऊन टांगली, रानात नाही, पाळीवरच्या येनाला. आता तिथवर रस्त्याचे दिवे आले होते. मी आबाजींबरोबर ओट्यावर बसून राहिले. मध्यरात्र झाली. मी वाऱ्याची वाट बघत होते, कानाजवळून जाणाऱ्या त्या वाऱ्याची. पहाटे मुलगा टोपली घेऊन आला. दोन माद्या जशा होत्या तशा. आबाजी बराच वेळ जाळीतून बघत राहिले. "कोनी नाई आला," ते म्हणाले. आणि मग, "रातभर बसली बिचारी."

दुसऱ्या रात्री पुन्हा टांगली. तिसऱ्या रात्रीही. माद्यांनी अंडी घातली, घालावीच लागतात, पोटात मावत नाहीत. मी निघाले त्या दिवशी ती अंडी मधोमध खचायला लागली होती, प्रत्येकावर अंगठा दाबल्यासारखा खड्डा.

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्राने देशभर दिव्याचे सापळे लावून पतंग मोजले. १९६८ ते २०१७ या पन्नास वर्षांत त्या सापळ्यांत येणारे मोठे पतंग एक तृतीयांशाने घटले, असं ते आकड्यांनिशी सांगू शकतात. हे वाचलं तेव्हा मला हेवा वाटला. दुःखाचाही हिशेब असावा लागतो. आमच्या रानाची नोंद म्हणजे एका पाचवीतल्या मुलीने पहाटे बोटांवर मोजलेले सव्वीस आणि पंचवीस वर्षांनंतरचं शून्य. कुठल्याही अहवालात टसरचा पतंग नामशेष झालेला नाही. बस्तरमध्ये आहे, झारखंडात आहे, ओडिशात आहे. आमच्याकडेही आणलेल्या अंड्यांचं पीक निघतं. तलावाच्या पाळीपलीकडच्या त्या रानातून, तिथल्या येनावर आणि तिथल्या पावसावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेला जो होता, तो गेला. त्याची जागा रिकामी दिसत नाही, म्हणून कुणी विचारत नाही.

या नोव्हेंबरात, दिवाळीनंतर, मी जाऊन आले. आबाजी नाहीत. मुलगा आता म्हाताऱ्यांत जमा. त्याने खाली वाकून लेंड्या दाखवल्या, बोटाने चिरडून दाखवल्या, अगदी तसंच. पीक बरं होतं. रानकोसा दिसतो का, विचारलं तर म्हणाला, "सात-आठ वर्सं झाली, नाई दिसला बाई." पाळीवरचा येन आहे. मी सालीत बोट घालून पाहिलं. गार होती. पानं अजून झडायची होती, त्यामुळे वर काही लटकतंय का ते दिसत नव्हतं. मी मान दुखेपर्यंत बघत राहिले.

परत आल्यावर भाचीला बोलावलं आणि कोसा तिच्या हातात दिला. सांगितलं की बी नाही, आत पतंग आहे, तो मेलेला आहे, आणि मी तेव्हा खोटं बोलले होते. ती रडेल असं वाटलं होतं. तिने कोसा पुन्हा कानाशी नेला आणि जास्त सावकाश हलवला. मी तिला आबाजींचं वाक्य सांगितलं, त्यांच्याच बोलीत. तिने ते दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाली, "आणि जिवंत असला तर कसा वाजतो?"

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. पोळ्यांची कणीक भिजवून ठेवली होती. त्यातला एक गोळा तोडला, हळदीच्या रिकाम्या डबीत घातला, झाकण लावलं आणि तिच्या कानाशी हलवलं.

"असा?"

"याहून थोडा जड," मी म्हटलं, आणि आणखी कणीक तोडली.